तरंगिणीचा ताबा

अमोघपूरच्या दरबारात सलग आठ दिवस एकच खटला चालला होता आणि त्या आठ दिवसांत एकाही शहाण्याला होडी चालवणाऱ्या तरंगिणीचं मत विचारावंसं वाटलं नव्हतं. तिला बुडताना वाचवलं म्हणून ती माझी, असं नीलकेतू यक्ष म्हणत होता. तिचं सापाचं विष उतरवलं म्हणून ती माझी, असं मांत्रिक त्र्यंबक सांगत होता. निकाल लागताच ती जिंकणाऱ्याच्या हवाली होणार होती.

शेवटी राजा अमोघसिंहाने मिशीवर हात फिरवून जाहीर केलं, "हा खटला आम्ही जमिनीच्या कायद्याने निकाली काढू. बारा वर्षं ज्याची बिनहरकत वहिवाट, त्याची मालकी. हा कायदा आम्हीही मोडणार नाही. सांगा, ताबा कोणाचा?"

यक्ष आणि मांत्रिक, दोघांचीही तिच्याशी ओळख जेमतेम वर्षभराची.

"माझा," तरंगिणी म्हणाली. "बावीस वर्षं मीच माझ्या ताब्यात आहे, महाराज. हरकत आली ती या आठ दिवसांत."

राजाने पंडितांकडे पाहिलं. पंडितांनी ग्रंथ मिटले. निकाल तिच्या बाजूने द्यावाच लागला.

त्र्यंबक तिथेच फेरविचाराचा अर्ज लिहायला बसला. नीलकेतू मात्र तिच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "तरंगिणी, तुला मी चालेन का?"

"चालशील की," ती वैतागून म्हणाली. "पण एवढं विचारायला आठ दिवस लागतात का रे?"