पान शिवदासचं, हात अण्णांचा

एकदा एक कापडाचा व्यापारी आपल्या पंचवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आश्रमात आला. छातीच्या दुखण्याने पार खंगलेला माणूस, पण बसायच्या आधीच बोलू लागला. "गुरुजी, वैद्यांनी हात टेकलेत. माझ्यामागे दुकान यानेच सांभाळायचं. पण गिऱ्हाईक समोर आलं की हा आपला माझ्या तोंडाकडे बघतो! याला जरा खमक्या करा."

"नाव काय रे तुझं?" गुरुजींनी मुलाला विचारलं.

"शिवदास," व्यापाऱ्यानेच सांगून टाकलं.

दुपारची पंगत बसली. वाढप आश्रमातल्या एका शिष्याकडे होतं. गुरुजींनी त्याच्या हातातलं भाताचं पातेलं घेतलं आणि स्वतः शिवदासला वाढू लागले. आश्रमाचा नेम असा, की जेवणाऱ्याने पानावर हात आडवा धरेपर्यंत वाढणाऱ्याने थांबायचं नाही. शिवदासने हात धरलाच नाही. भात पानाबाहेर सांडू लागला, तसा शिष्य मनातून चरफडला. अन्नाची ही कसली थट्टा?

"अहो, पुरे!" व्यापारी ओरडला. "पोटात मावेल तेवढंच वाढा की!"

"पोट कुणाचं?" गुरुजी म्हणाले आणि त्यांनी आणखी एक वाढणी घातली.

पानात टाकायचं नाही, ही शिवदासच्या घरची शिस्त. डोळ्यांत पाणी येईतो तो निमूट जेवला, मग मागल्या दारी जाऊन भडभडा ओकला. त्याची पाठ चोळता चोळता शिष्य कळवळून म्हणाला, "अरे, नको म्हणायचं होतंस!"

"ते अण्णा सांगतात," शिवदास म्हणाला.

मागोमाग आलेले गुरुजी सोबतच्या व्यापाऱ्याकडे वळले. "त्याला क्लेश दिले, याचं मला दुःख आहे. पण याची भूक, झोप, आवड, साऱ्यांचा निर्णय आजवर तुम्ही केलात. प्रेमाने केलात, म्हणून याला तुमचा रागही धरता आला नाही. आपलं पोट भरलं हेही ज्याला कधी स्वतः ठरवू दिलं नाही, त्याने माणसं कशी पारखावीत? पंचवीस वर्षं पांगुळगाडा सोडू दिला नाहीत, आणि आता म्हणता, पळ."

व्यापाऱ्याचा चेहरा पडला. चूक त्याला कळली होती, अगदी खरंच कळली होती. त्याने मुलाचा दंड घट्ट धरला.

"ऐकलंस ना? आजपासून तुझं तू ठरवायचं. प्रत्येक गोष्ट! समजलं?"

"बरं, अण्णा," शिवदास म्हणाला.

शिष्याला तिथे उभं राहवेना. असलं 'बरं' ऐकलं, की आपण घरोघरी म्हणतो, मुलगा किती गुणी आहे!