विहिरीवरची फांदी आणि सोळा जीबी

एका माळावर एक जुनी विहीर होती, विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती, आणि त्या बाभळीच्या अगदी टोकाच्या फांदीवर एक सुगरण पक्षी राहत असे. नाव सुगरण असलं, तरी मुलांनो, या पाखरांत घरटं विणायचं काम नराचं असतं बरं का! तो अर्धं घरटं विणून टांगतो. मग नवरी येते, घरटं न्याहाळते, चोचीनं ओढून बघते आणि पसंत पडलं तरच म्हणते, "हं, करा पुरं." नाही पडलं तर भुर्रकन दुसरीकडे.

आपल्या पक्ष्याला गेल्या वर्षी एकाही नवरीनं हो म्हटलं नव्हतं. सगळ्यांची पिल्लं चिवचिवत होती आणि हा एकटा अर्ध्या घरट्यात बसून होता. म्हणून यंदा त्यानं तिघांशी चोची भिडवून विहिरीवरची ही फांदी मिळवली. खाली खोल पाणी, आणि फांदी इतकी बारीक की साप चढलाच तर सरळ पाण्यात. हंगाम सुरू होता. नवऱ्या आठ-दहा दिवसांत येणार होत्या.

घरटं विणण्याआधी हा पक्षी त्याचं चित्र लॅपटॉपवर काढी. आता पाखरू लॅपटॉप कसं चालवतं, असं कुणी विचारायचं नाही. चोचीनं चालवतं. पुढे ऐका.

समोरच्या काठावर बोरीचं एक झुडूप होतं. तिथं दुसरा सुगरण पक्षी राहायचा. त्याच्याकडेही लॅपटॉप होता, पण काय लॅपटॉप म्हणता! पडद्यावर घरटं गोल गोल फिरायचं, गवताची पाती वाऱ्यानं हलायची, दारातून आत जाऊन बघता यायचं. मुनिया, बुलबुल, होले, सगळे त्याच्या झुडपाभोवती जमायचे आणि "वा, वा!" करायचे. ही "वा, वा" पाण्यावरून थेट आपल्या पक्ष्याच्या कानात शिरायची.

"एवढं काय आहे त्याच्यात?" त्यानं एका मुनियेला विचारलं.

"अहो, त्यात सोळा जीबीची ग्राफिक्स मेमरी आहे!" मुनिया म्हणाली. "तुमच्यात किती?"

"चार," असं तो इतक्या हळू म्हणाला की मुनियेला ऐकूच आलं नाही.

त्या दिवसापासून त्याला स्वतःचं चित्र बघवेना. रेघा सरळ होत्या, मापं बरोबर होती, त्या चित्रावरून विणलेलं घरटं वादळातही हललं नसतं. पण ते फिरत नव्हतं ना! गवताची काडी चोचीत धरली की नजर आपोआप समोरच्या काठावर जायची, आणि वीण चुकायची. त्यातच एका दुपारी लॅपटॉप तापला आणि अडकून बसला. "बघा! चार जीबी म्हणजे हे असंच होणार," असं म्हणत, मनातून थोडा खूश होतच, तो लॅपटॉप घेऊन सुतार पक्ष्याकडे गेला.

सुतार पक्षी त्या माळावरचा जुना कारागीर. बिघडलेलं काहीही टकटक करून दुरुस्त करायचा. त्यानं लॅपटॉप उघडला आणि आतल्या पंख्यातून पिसांचा हा एवढा बोळा ओढून काढला.

"ही पिसं कुणाची रे?"

"माझीच, सुतारकाका," पक्षी ओशाळून म्हणाला.

"मग दोष मेमरीला कशाला? पिसं झाडतोस, तसा पंखाही झाडत जा." लॅपटॉप लगेच सुरळीत चालू लागला. पण पक्षी काही जागचा हलेना.

"काका, मला सोळा जीबीचा घ्यायचाय."

"का रे बाबा?"

"पुढे लागेल."

"पुढे काय करणार आहेस?"

पक्षी लॅपटॉपचं झाकण पुसत बसला. मग सुतारकाकांनी त्याला त्याचं चित्र उघडायला लावलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा चोचीनं दाखवला. "ग्राफिक्स मेमरी म्हणजे चित्रं पडद्यावर आणताना लागणारी जागा. तुझ्याकडे ती चार आहे. तुझं काम चालू असताना भरलीय किती, बघ. दीड! सोळा घेतलीस तरी दीडच भरणार. उरलेली काय मुंग्यांना भाड्यानं देणार आहेस? हा आकडा चारला टेकला की ये माझ्याकडे. मीच सांगीन, घे म्हणून."

किती सरळ गोष्ट! पण हेवा एकदा कानात जाऊन बसला की सरळ गोष्टही वाकडी ऐकू येते. आपल्या पक्ष्याला ऐकू आलं ते असं, की शेजाऱ्याची योग्यता सोळाची आणि तुझी दीडची. तो आभारही न मानता तिथून उडाला. वाटेत त्याचे डोळे भरून आले. "मला दीड म्हणतो! थांब, दाखवतोच एकेकाला."

आणि तो गेला कावळ्याकडे. कावळा पिंपळावर दुकान मांडून बसलेला असे.

"या, या, साहेब! चार जीबी? तुमच्यासारख्या कलावंतानं चार जीबीवर काम करायचं? शोभतं का?"

झालं! पक्ष्याची छाती फुगली. "मेमरी तेवढी वाढवून द्या की, शेठ."

"ती आत पक्की बसवलेली असते साहेब, नंतर वाढत नाही. लॅपटॉपच वरचा घ्यावा लागतो. आहे माझ्याकडे एक, सोळा जीबीचा. एकाच चोचीनं वापरलेला, तोही जपून. परवा तुम्हाला देतो. तुमचा जुना ठेवा इथं, आणि वरची भर म्हणून ती विहिरीवरची फांदी द्या."

"फांदी?" पक्षी दोन पावलं मागे सरला. "फांदी कशी देऊ, शेठ?"

"नका देऊ," कावळा पंख साफ करत म्हणाला. "झेपत नसेल तर राहू द्या. चारही काही वाईट नाही हो. साध्या कामाला चालून जातं."

साध्या कामाला! हे दोन शब्द बरोबर वर्मी बसले. समोरच्या काठावरची "वा, वा" त्याच्या कानात घुमू लागली. "घ्या फांदी," तो म्हणाला. "फांद्या काय, पुष्कळ मिळतील."

दोन दिवसांनी लॅपटॉप हाती आला. झाकणावर वाळलेल्या चिखलाचा एक डाग होता, पण आनंदाच्या भरात त्याकडे कोण बघतो? त्यानं आपलं चित्र उघडलं. पडद्यावर तेच चित्र आलं. त्याच रेघा, तीच मापं. फिरत्या घरट्यासाठी वेगळी विद्या शिकावी लागते, आणि ती काही मेमरीबरोबर फुकट येत नाही. कोपऱ्यात आकडा होता दीड.

"असू दे," तो स्वतःशी म्हणाला. "शेजाऱ्याला तर दाखवू!" लॅपटॉप घेऊन तो बोरीच्या झुडपाकडे गेला, तर झुडूप रिकामं. शेजारी नाही, मुनिया नाहीत, कुणीच नाही. माळावरच्या चांगल्या फांद्या तोवर सगळ्यांनी धरल्या होत्या. राहिलं होतं ते हेच झुडूप. दुसरा इलाज नव्हता. गेलेल्या फांदीकडे बघवेना, म्हणून विहिरीकडे पाठ करून त्यानं तिथंच रात्रंदिवस खपून अर्धं घरटं विणलं.

नवरी आली. त्यानं घाईघाईनं लॅपटॉप पुढे केला. "सोळा जीबी आहे!"

"असेल हो," ती म्हणाली आणि सरळ घरट्याला जाऊन लोंबकळली. दोन हिसके दिले, चार पाती ओढून पाहिली. "वीण फार सुंदर आहे. असा हात या माळावर दुसऱ्या कुणाचा नाही." पक्ष्याच्या जिवात जीव आला. मग तिनं खाली बघितलं. खाली पाणी नव्हतं, कोरडी जमीन होती. झुडपाच्या बुडाशी काटक्यांत सापाची कात अडकली होती.

"इथं पिल्लं वाढवायची?" ती म्हणाली आणि उडाली. ती थेट विहिरीवर गेली.

पक्षी तिच्यामागून धावला आणि पाहतो तर काय! त्याच्याच फांदीवर शेजारी बसलेला, आणि त्याच्या बाजूला एक अर्धं घरटं टांगलेलं. नवरीनं ते ओढून पाहिलं, तर त्यातली तीन पाती तिच्या चोचीत आली.

"वीण ढिली आहे," ती शेजाऱ्याला म्हणाली. "पण ती मी आणि तुम्ही मिळून घट्ट करू. जागा काही विणून तयार होत नाही. करा पुरं."

आपल्या पक्ष्याचा संताप झाला. "ही फांदी माझी आहे!" तो ओरडला.

"होती, गड्या," शेजारी शांतपणे म्हणाला. "तू ती मिळवलीस त्या दिवसापासून मला झोप नव्हती बघ. मी दूरदूरच्या पाखरांना फिरती चित्रं करून द्यायचो, त्याला सोळाही पुरत नसत. लोक वाहवा करायचे, पण माझी नजर तुझ्या फांदीवर. त्या दिवशी कावळा सांगत आला, लॅपटॉप देत असशील तर विहिरीवरची फांदी मिळेल. मला आधी खोटंच वाटलं. अशी फांदी कोण सोडील? बाकी, झाकणावरचा तो चिखलाचा डाग काही मला निघाला नाही हं. तुला निघाला का?"

पक्षी तिथून उडाला. ज्याचा हेवा केला तो आपलाच हेवा करत बसला होता, आणि आपण दोन उड्या मारून कधी विचारायलासुद्धा गेलो नाही! तो कावळ्याकडे गेला, तर कावळा म्हणाला, "दिलेला माल परत नाही, साहेब." सुतारकाकांकडे जायचं तर तोंड नव्हतं.

पुढे पंधरा दिवस विहिरीवर चिवचिवाट वाढत गेला. बोरीच्या झुडपात आपला पक्षी रोज लॅपटॉप उघडी आणि कोपऱ्यातला आकडा बघत बसे. आकडा दीडच्या पुढे गेला नाही. बाकीची सगळी जागा रिकामी होती, आणि बाजूला टांगलेलं त्याचं ते सुंदर घरटंही.

तात्पर्य : वस्तू घ्यावी ती आपलं काम मोजून. शेजाऱ्याकडे बघून घ्यायला गेलं, तर हातातलं मोलाचं असतं तेच आधी जातं.