भरल्या पोटाचा माळ

खैरदऱ्याच्या पूर्वेला ओढा ओलांडला की एक उघडा माळ लागतो. गाव त्याला 'भरल्या पोटाचा माळ' म्हणतं. नवा पाहुणा नाव ऐकून हसतो. त्याला वाटतं, इथे कधीकाळी मोठा भंडारा झाला असेल, पंगतीवर पंगती उठल्या असतील. पण माळावर पाऊल टाकलं की त्याला दगडांचे ढीग दिसतात. एकाला लागून एक, कमरेएवढेही उंच नाहीत. शेंदूर नाही, फूल नाही, नाव नाही. देवळाचे म्हातारे गुरव शिदोबा पाहुण्याला ते मोजायला लावत नाहीत. एक्केचाळीस आहेत, असं आपणच सांगतात आणि ओढ्याकाठच्या खडकावर बसून पुढची हकिकत सुरू करतात.

फार जुनी गोष्ट आहे. किती पिढ्या लोटल्या ते कुणालाच ठाऊक नाही. लागोपाठ तीन वर्षं पाऊस पडला नाही, असं सांगतात. पहिल्या वर्षी लोकांनी कणग्या खरवडून काढल्या, दुसऱ्या वर्षी बियाणं खाल्लं, तिसऱ्या वर्षी दावणीची जनावरं संपली. मग चिंचोके उकडून झाले, निवडुंगाची बोंडं झाली, गवताचं बी झोडून त्याचे गोळे गिळून झाले. माणसं भिंती धरून चालू लागली. पोरं रडायची थांबली, तेव्हा गाव घाबरलं म्हणे.

त्या गावात आवडाई नावाची सुईण होती. पन्नाशी उलटलेली, अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. तिचा नवरा केरबा विहिरी खोदायचा. एकुलती एक लेक तानी गावातच दिलेली. तिच्या पदराखाली तीन महिन्यांची पोर होती.

फाल्गुन लागला होता. केरबा पाटलांच्या पडक्या गोठ्यामागे कंद उकरायला गेला आणि पहार खणकन वाजली. माती सारली तर खाली सपाट चिरा. चिरा हलवला तर आत पेव. जमिनीच्या पोटात कडबा लावून केलेलं, जोंधळ्यानं भरलेलं, सगळ्यांच्या विस्मरणात गेलेलं पेव! पाटलांच्या कुठल्या तरी पणज्यानं ते भरून ठेवलं असणार. पाटील तिशीचा तरुण होता, पण मनाचा मोठा. त्याने चावडीपुढे सांगितलं, "धान माझ्या घराण्याचं असंल, पण खाणार समदं गाव."

पेवात कोंडलेली हवा जीव घेते, हे केरबाला धंद्यामुळे माहीत होतं. त्याने अर्धा दिवस कुणाला आत उतरू दिलं नाही. लोक तोंडाशी गर्दी करून उभे होते, शिव्या देत होते, तरी तो चिऱ्यावर बसून राहिला. त्या दिवशी त्याचं ऐकलं म्हणून पेवात कुणी मेलं नाही.

धान्य वर आलं तशी घराघरांतून जाती फिरू लागली. आवडाई पाटलापाशी गेली. म्हणाली, "दोन दिस अडलेली बाई मोकळी झाली, तर तिला मी लगेच भाकरी देत न्हाई. पेजंवर ठेवते. आतडं उपाशी असलं की त्याला घास पेलत न्हाई. आपली गत काय येगळी हाय? आज गावाला नुसती पेज प्यायला सांगा."

पाटलाने हात जोडले. "आवडाई, तू मला जगात आणलंस. पण आज कुणाच्या तोंडचा घास काढू नगस. मी सांगितलं तरी कोण ऐकंल?"

ते खरंच होतं. आवडाई घरी आली. तिने नवऱ्यासाठी पेज शिजवली, मीठ घातलं आणि वाडगं पुढे ठेवलं. केरबाने ते बाजूला सारलं.

"आवडे, तीन वर्सं न्हाई म्हनत आलीस. घरात नव्हतं म्हनून. आज हाय."

चुलीपुढे बसून तिने भाकरी थापली. केरबाने ती मिठाच्या खड्याबरोबर खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी मागितली, तीही दिली. तो हसला. ते हसणं तिने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या हसण्यापायी तिने चौथी भाकरी न मागताच त्याच्या पुढ्यात टाकली. स्वतःसाठी तिने भाकरी थापली नाही. ती बाजूला सारलेली पेज तिने घोट घोट प्यायली आणि तशीच भिंतीला टेकली.

संध्याकाळी गावात पोटं दुखू लागली. लोक हसले. म्हणाले, पोटाची सवय गेली, दुसरं काय. सकाळी मात्र कुणी हसलं नाही. पाय सुजले होते. बोटं वाकडी होऊन आखडली होती. चार पावलं टाकली की धाप लागत होती. कुणी बडबडत होतं, कुणी आपल्याच माणसाला ओळखत नव्हतं. दुपारी केरबा आवडाईच्या मांडीवर गेला. जाताना त्याने काही मागितलं नाही. तिने त्याचं पोट हाताने चाचपून पाहिलं. ते अजून टम्म होतं.

पाच दिवसांत चाळीस माणसं गेली. तीन वर्षांच्या उपासाने जी मेली नव्हती, ती एका दिवसाच्या जेवणाने मेली. जाळायला लाकडं तोडावीत एवढं बळ कुणाच्या हातात नव्हतं. म्हणून उरलेल्यांनी प्रेतं ओढ्यापलीकडे नेली आणि त्यांच्यावर दगड रचले.

गावात ओरड झाली, की पेव बाधलं, दाण्यात विष आहे. माणसं फावडी घेऊन ते बुजवायला निघाली. तेवढ्या दिवसांत आवडाई घरोघर फिरत होती. कोण मेलं ते ती पाहत नव्हती, कोण जगलं ते पाहत होती. दात नसलेल्या म्हाताऱ्या जगल्या होत्या. तापाने पडलेले, ज्यांना घास गेला नाही, ते जगले होते. सगळ्यांना वाटून झाल्यावर पाटलाला अर्धीच भाकरी उरली होती, तोही जगला होता. ती पेवाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"दाण्यात इख न्हाई," ती म्हणाली. "इख माझ्या हातात हुतं. मला ठावं हुतं आन् तरी मी माझ्या धन्याला चौथी भाकरी वाढली. त्यानं मागितली नव्हती."

फावडी थांबली. पाटलाने सगळ्यांदेखत आपली काठी तिच्या हातात दिली. त्याची आई त्या चाळिसांत होती.

त्या दिवसापासून आवडाई पेवाच्या चिऱ्यावर बसली. शेजारी मोठं भांडं चुलीवर चढवलं. माणसी एक ओगराळं पातळ पेज सकाळी, एक दुपारी, एक दिवस मावळताना. लहानथोर सगळ्यांना एकाच ओगराळ्याने. पाटलाला तेवढीच, तिला स्वतःला तेवढीच. दाणा कुणाच्या घरी जाऊ दिला नाही. भरलं पेव डोळ्यांपुढे असताना उपाशी राहायचं, हे दुष्काळाहून कठीण होतं, असं सांगतात. दुष्काळात निदान कुणाचा राग करावा असं समोर कुणी नव्हतं.

लोक तिला चेटकीण म्हणाले. नवरा खाल्ला, आता गाव खाणार, म्हणाले. चौथ्या दिवशी रांगेतून कुणीतरी दगड मारला. भिवई फुटली. रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी तिने ओगराळं खाली ठेवलं नाही. ज्याने दगड मारला त्यालाही त्याची वाटणी मिळाली.

सातव्या दिवशी तानी रांग सोडून पुढे आली. पोर छातीशी होती.

"आये, एक भाकरी दे. माझ्यासाठी मागत न्हाई. दूध आटलंय."

आवडाईने लेकीच्या पायांकडे पाहिलं. पाय सुजायला लागले होते. तिने तानीच्या वाडग्यात एक ओगराळं ओतलं.

"तुझी वाटणी तरी दे."

आवडाईने नकारार्थी मान हलवली. जास्तीचं एक ओगराळं म्हणजे तिच्या लेखी चौथी भाकरीच होती. स्वतःच्या वाटणीत चिंधी बुडवून ती नातीच्या ओठांशी पिळत राहिली. पोरीने दोनदा जीभ हलवली. मग ते पाणी ओठांच्या कडेने खाली आलं.

नवव्या दिवशी पोर गेली. माळावर तानीने एकटीने दगड रचले, कुणाला हात लावू दिला नाही. म्हणून त्या माळावर एक ढीग लहान आहे. बाकी सगळे भरल्या पोटाचे, तो एकच रिकाम्या पोटाचा. आवडाई बरोबर होती की चुकली, असं पाहुणे शिदोबांना विचारतात. शिदोबा म्हणतात, त्यानंतर गावात कुणी मेलं नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

दर चार दिवसांनी पेज थोडी दाट होत गेली. मग आंबील आली, मग चतकोर भाकरी. महिन्याभराने आवडाईने पाटलाची काठी परत केली. मोजून खाल्लेलं धान्य पावसापर्यंत पुरलं, पेरणीलाही उरलं. तानी मात्र आईशी बोलली नाही. वाटेत समोर आली की ती पदर पुढे ओढायची.

पाऊस झाला. जोंधळा आला. नव्या धान्याचं भांडं चावडीपुढे शिजलं, सगळं गाव वाडगी घेऊन बसलं आणि कुणी हात लावेना. उतू जाणाऱ्या भांड्याकडे माणसं भीतीने पाहत राहिली. शेवटी पाटील उठला आणि आवडाईला घेऊन आला. ती तेवढ्या महिन्यांत फार थकली होती. तिने ओगराळं हातात घेतलं.

"तुमची तोंडं मी धरली," ती म्हणाली. "जन्मभर धरायला मी पुरणार न्हाई. आता मी वाढत ऱ्हाईन. थांबायचं कवा, ते ज्याचं त्यानं सांगायचं."

ती पंगतीतून फिरू लागली. कुणी दोन ओगराळ्यांना 'बास' म्हटलं, कुणी तिसऱ्याला. म्हणताना मोठमोठे बाप्ये रडले, असं सांगतात. पंगतीच्या टोकाला तानी बसली होती. आवडाईने एक ओगराळं ओतलं. तानी गप्प. दुसरं ओतलं. तानी वाडग्याकडे बघत होती. तिसऱ्याने वाडगं काठोकाठ भरलं. आवडाईने चौथं भरून घेतलं, वाडग्यावर धरलं, पण ते तिला ओतवेना. सगळी पंगत बघत होती. मागचं धरून तिला छळायचं असतं, तर तानीने नुसतं गप्प राहायचं होतं.

तानीने वाडग्यावर आपला तळवा आडवा धरला.

"बास, आये."

ती माफी होती की नव्हती, हे गाव सांगत नाही. ती पुढे कधी आईच्या उंबऱ्यात गेली असंही कुणी म्हणत नाही. आवडाई त्याच हिवाळ्यात गेली.

आजही खैरदऱ्यात नवं धान्य आलं की पहिली पंगत पेजेची बसते. गावातली सगळ्यात वयस्कर बाई वाढायला असते. लेकुरवाळीला सगळ्यांच्या आधी वाढतात आणि तिच्यासाठी पेज वेगळी, दाट शिजवतात. एरवीच्या लग्नकार्यातही इथे जेवायचा आग्रह होत नाही. पाहुण्याला ते आधी तुसडेपणाचं वाटतं. पण कुणी पानावर तळवा आडवा धरला की वाढणारी जागच्या जागी थांबते, क्षणभर मान खाली घालते आणि मग पुढच्या पानाकडे वळते. तो हात बाजूला सारून वाढायची छाती आजही गावात कुणाची होत नाही.