अध्यक्षांचा प्राणायाम

शेवाळेसाहेब आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सकाळी लॉनवर बसून प्राणायाम करायचे आणि उरलेला दिवस त्याबद्दल सांगायचे. गवत कापायच्या पेट्रोल मशीनच्या आवाजाने त्यांची साधना मोडायची, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने सायलेन्सरच्या तोंडात भांड्यांची तारेची घासणी ठासून बसवली. आठवड्याभरात ती काजळीने बुजली. मशीन सुरू व्हायचं, गुदमरायचं आणि बंद पडायचं.

"माळ्याने मशीनची वाट लावली. सोपानला आजच काढा!" साहेबांनी बैठकीत फर्मावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

फक्त इंदूताई हर्डीकर म्हणाल्या, "साहेब, बिघाड मी सांगते. पण तो श्वासावर ताबा असलेल्या माणसालाच कळेल. छाती भरून श्वास घ्या आणि माझं बोलणं संपेपर्यंत सोडू नका."

साहेबांनी खुशीत छाती फुगवली. इंदूताईंनी आधी सावकाश चष्मा पुसला. मग लॉनचं कौतुक केलं, मग हवेचं, मग साहेबांच्या साधनेचं. साहेब लाल झाले, जांभळे झाले आणि शेवटी फुटलेच, "अहो बाई, सोडू तर द्या!"

"मशीन आठवडाभर हेच म्हणतंय," इंदूताई म्हणाल्या. "आता सांगा, सोपानला काढायचं की तुमची घासणी?"