कासारणीचा अर्ज

एकदा एक वृद्ध आचार्य कागदांच्या ढिगासमोर बसून एकटेच हसू लागले, तेव्हा त्यांच्या शिष्याला वाटले, गुरुजींचे आता वय झाले.

ढीग अर्जांचा होता. नगराच्या सरकारी पाठशाळेत त्या वर्षी एक विशेष वर्ग सुरू व्हायचा होता. आठ-नऊ वर्षांची, बुद्धीने चार पावले पुढे असलेली मुले निवडायची आणि त्यांना उत्तमोत्तम शिक्षकांच्या हाती सोपवायचे, अशी योजना होती. मूल हवेलीतले असो की पालातले, नियम एकच. जागा वीस. पालकांनी एवढेच करायचे होते, की आपल्या मुलाचे वेगळेपण काय, ते अर्जात स्वतः लिहायचे. निवडीचे काम आचार्यांकडे आले होते, कारण नगरातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनीच कधी ना कधी पिळलेले होते.

"हसता कशाला, गुरुजी?" शिष्याने विचारले. तो त्याच पाठशाळेत नुकताच शिक्षक झाला होता आणि प्रत्येक अर्ज मन लावून वाचत होता.

"अरे, दोनशे अर्ज आले, पण मूल एकच आहे!"

खरेच होते ते. स्वतः लिहा असे बजावले होते; पण आपल्याकडे अर्ज म्हटला की माणूस आधी चावडीबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहून देणाऱ्याकडे जातो. त्या सद्गृहस्थाने सर्वांना एकच मजकूर उतरवून दिला होता. 'माझे अपत्य कुशाग्र बुद्धीचे, विनयशील व आज्ञाधारक असून त्याची स्मरणशक्ती अलौकिक आहे.' कापडाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने तेवढ्यावर समाधान न मानता 'बृहस्पतीनेही लाजावे' असे एक जास्तीचे वाक्य घालून घेतले होते.

शिष्याने एकच अर्ज बाजूला काढला होता, तोही नाकारण्यासाठी. तो एका कासारणीचा होता. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर ती बायकांना बांगड्या भरत असे. अक्षर वाकडेतिकडे होते, म्हणजे तिचे स्वतःचेच होते. तिने लिहिले होते:

'शाळेतल्या बाई म्हणाल्या म्हणून लिहिते. पोरीचं नाव धोंडी. वेगळेपण म्हणजे डोक्याला ताप आहे. गिऱ्हाईक बाईचा हात नुसता बघून बांगडीचं माप सांगते आणि वर म्हणते, मावशी, गेल्या संक्रांतीपेक्षा तुमचा हात जाड झाला. गिऱ्हाईक तुटतं. मी बांगड्या रंगाने लावते, ती मोडून मापाने लावते. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, असं शिकवलं, तर विचारते, वाढली तर मोजताना एक कमी का भरते? उत्तर मिळेपर्यंत जेवत नाही. बाकी विशेष काही नाही. चूकभूल माफ असावी.'

"जन्मदात्री आईच म्हणते, विशेष काही नाही," शिष्य म्हणाला, "मग आपण कुठे आग्रह धरायचा?"

आचार्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग तो घडी घालून आपल्या उपरण्याच्या टोकात बांधला आणि सर्व पालकांना पुढच्या रविवारी सकाळी पाठशाळेत येण्याचा निरोप धाडला.

रविवारी पाठशाळेचे पटांगण फुलून गेले. लोक ठेवणीतले कपडे घालून, मुलांच्या केसांना तेल चोपडून आले होते. वाटेत पाढे म्हणवून घेतल्यामुळे कित्येक मुलांचे घसे बसले होते. आचार्यांनी प्रत्येकाचा अर्ज प्रत्येकाच्या हाती परत दिला आणि सोबत एकेक कोरा कागद.

"यावर आपल्या मुलाचं गाऱ्हाणं लिहा," ते म्हणाले. "आत्ता, इथे, आपल्याच शब्दांत. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी माझ्या शिष्याला सांगा. तो लिहील."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एकच गलका झाला. कापडाचा व्यापारी तावातावाने पुढे आला.

"आचार्य, ही काय थट्टा? निवड गुणांवर व्हायची की दोषांवर? आणि आमच्या चिरंजीवांबद्दल गाऱ्हाणं असं नाहीच मुळी!"

"नऊ वर्षं एका घरात राहून एकही गाऱ्हाणं नाही?" आचार्य म्हणाले. "शेठ, मग त्याची नि तुमची अजून गाठच पडलेली नाही."

व्यापाऱ्याचा चेहरा पडला. कागद घेऊन तो खांबाला टेकून बसला. बाकीच्यांचे मात्र चालू झाले, आणि काय सांगावे! स्तुतीच्या दोन ओळींसाठी ज्यांनी दुसऱ्याचे पाय धरले होते, ते गाऱ्हाण्यासाठी कागद पुरत नाही म्हणून भांडू लागले. एका सुताराने सांगितले, की पोरगा सांधा जुळला नाही तर रडतो आणि सबंध चौरंग पुन्हा उसकटायला लावतो. एक आजी म्हणाली, नात मेलेल्या किड्यांना पुरते आणि कोण कधी मेला ते भिंतीवर लिहून ठेवते. शिष्याचा हात लिहून लिहून भरून आला. पण त्याच्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली होती. अर्जांत वाचलेले ते एकच आज्ञाधारक मूल नाहीसे झाले होते, आणि पटांगणात खरीखुरी मुले दिसू लागली होती.

शेवटी व्यापाऱ्यानेही ओशाळत कागद दिला. 'दुकानात बसवला, तर रिळांची चाके करून आढ्याला दोऱ्या बांधतो. परवा गल्ल्यावरून न उठता माळ्यावरचा कापडाचा ताका खाली आणला. नोकर हसले, म्हणून मी त्याला मारले.'

आचार्यांनी कागद कपाळाला लावला. "शेठ, हा मुलगा मला हवा आहे. तुम्ही मात्र बृहस्पतीला अर्ज भरायला लावला होता!"

सगळे हसले, आणि व्यापारी सर्वांत मोठ्याने हसला. मुलाच्या गाऱ्हाण्याने बापाची छाती फुगलेली शिष्याने पहिल्यांदाच पाहिली.

कासारीण मागे उभी होती. तिचा कागद कोराच होता. "गुरुजी, मी गाऱ्हाणं आधीच लिहून दिलं," ती म्हणाली. "अजून काय लिहू?"

"तुमचं काम उलटं आहे, बाई. तुम्ही कौतुक लिहा. त्यावाचून तुमचा अर्ज अपुरा आहे, आणि अपुऱ्या अर्जाला मला जागा देता येत नाही."

शिष्य चकित झाला. मुलगी हुशार आहे हे तर आता त्यालाही दिसत होते. गुरुजी तिला उगीच का अडवत होते? कासारणीने बोरू उचलला, टेकवला, पुन्हा उचलला. तिचे डोळे भरून आले.

"नाही हो जमायचं," ती म्हणाली. "हिच्या आधी एक मुलगा होता मला. बाजारातली प्रत्येक बाई म्हणायची, काय चुणचुणीत पोर गं तुझं! मीपण मिरवायची. एका तापात गेला. मग ही झाली, तर कुणाची नजर जाऊ नये म्हणून नावच धोंडी ठेवलं. तेव्हापासून हिला मी एका शब्दाने चांगलं म्हटलं नाही. जागा जाऊ दे, गुरुजी. पोर राहू दे."

आचार्य उठून तिच्यासमोर खाली, जमिनीवर बसले.

"बाई, तुमच्या पोटातलं दुःख मी काढू शकत नाही. पण एक सांगतो. गाऱ्हाण्यातून मूल मला दिसतं. ते माझ्यासाठी पुरेसं आहे, तिच्यासाठी नाही. या वर्गात तिच्यासारखी एकोणीस मुलं असतील. कधी ती हरेल, कधी तिच्या नावाला हसतील. त्या दिवशी तिला पाय टेकायला जागा लागेल, आणि ती जागा मास्तर देत नाही. आई देते. तुम्ही तिची नजर काढता, ती ते बघते. तुम्ही तिचं कधीच कौतुक करत नाही, तेही ती बघते. माप एका नजरेत ओळखणारी पोर आहे. तिने स्वतःचं काय माप घेतलं असेल?"

कासारणीने मागे वळून पाहिले. धोंडी पायरीवर बसून सर्व ऐकत होती. तेल लावलेले केस, एका हातात चार बांगड्या, दुसऱ्यात तीन. ती आईकडे टक लावून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता. आई नाहीच म्हणणार, हे ठाऊक असल्यासारखी ती शांत होती.

कासारणीने कागद खाली ठेवला.

"माझी धोंडी हुशार आहे," ती म्हणाली. मग तिने पदराने डोळे पुसले, मान वर केली, आणि बाजारात हाळी द्यावी तसे सगळ्या पटांगणाला सांगितले, "माझ्यापेक्षा हुशार आहे! आमच्या सगळ्या घराण्यात असं पोर झालं नाही. मला लई अभिमान आहे तिचा!"

धोंडीने आधी आईकडे पाहिले, मग आचार्यांकडे, जणू दोघांपैकी कुणाची तरी चूक होत असावी. मग ती पायरीवरून उठली, पण आईकडे धावली नाही. ती होती तिथेच ताठ उभी राहिली, खांदे मागे, हनुवटी वर, आणि सगळ्यांना नीट दिसेल अशी. कासारीण तिच्याकडे बघत राहिली, आणि तिने पोरीवरून बोटे ओवाळून मोडली नाहीत.

"लिही," आचार्य शिष्याला म्हणाले. "अर्ज पूर्ण."

शिष्याने ते लिहिले. त्या संध्याकाळी तो वाट वाकडी करून आपल्या म्हाताऱ्या वडिलांकडे गेला आणि लहानपणी आपण कसे होतो, हे त्यांना प्रथमच विचारले.

आपणही मुलांसाठी अर्ज भरतो. भरून झाल्यावर तो एकदा त्यांना वाचून दाखवावा.