टिटवीची टोक छाटलेली हाक

वैशाखातली संध्याकाळ, सूर्य डोंगराला टेकायला आलेला. ठिकाण, जंगलात पाणी उरलेला एकमेव पाणवठा. एक पाडस आईच्या पुढे उड्या मारत पाण्यावर उतरले. काठावरच्या जांभळीवर धोक्याचा इशारा देणारा स्पीकर टांगला होता आणि तो बंद होता. बंद आहे हे काही जणांना पक्के ठाऊक होते. त्यांत हरिणी नव्हती.

मुलांनो, ते पाडस त्या संध्याकाळी परत गेले नाही. का गेले नाही, ते नीट ऐका. कारण या गोष्टीत जो तो "मी नाही" म्हणतो.

त्या पाणवठ्याजवळच्या माळावर एक टिटवी राहत असे. बिबट्याची चाहूल लागली की ती उडून ओरडे आणि पाण्यावरची जनावरे पांगत. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले होते. यंदा तिने माळावर अंडी घातली, आणि ऊन असे पेटले की ती जरा उठली तरी अंडी भाजून निघावीत. तेव्हा पाणवठा समितीने तोडगा काढला. माणसांच्या वरातीतून पडलेला एक स्पीकर अस्वलाने उचलून आणला होता. टिटवीने आपली हाक रेकॉर्ड करून द्यावी, वानराने जांभळीच्या शेंड्यावरून नजर ठेवावी आणि बिबट्या दिसताच बटण दाबावे, असे ठरले. टिटवीने जीव ओतून एकदाच हाक दिली. ती साळिंदराने रेकॉर्ड केली. यंत्रातले त्यालाच कळत असे.

"तू निवांत अंड्यांवर बस, ताई," पोटुशी हरिणी म्हणाली. "तुझ्या हाकेवर आम्ही डोळे झाकून पाणी पिऊ."

समितीचा अध्यक्ष होता कोल्हा. त्याने रेकॉर्ड केलेली हाक ऐकली आणि नाक मुरडले. "एवढीच? नदीपलीकडच्या जंगलात स्पीकर लागला की मोहाची फुलं गळून पडतात. आपल्याला काही इभ्रत आहे की नाही? वाढव."

"अध्यक्षसाहेब, रेकॉर्डिंगमध्ये आवाज मावायचा तेवढाच मावतो," साळिंदर म्हणाले. "त्याहून फुगवला की आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटले जातात. मग तो खरखरतो. आणि असला छाटलेला आवाज जोरात लावून ठेवला की स्पीकरच्या आतली तार तापते. शेवटी जळते."

"शेंडे गेले तर गेले. धड राहतं ना?"

साळिंदराला यावर पुष्कळ बोलता आले असते. पण समितीत त्याला सावलीची जागा मिळाली होती. त्याने मान डोलावली आणि हाक फुगवली.

चाचणीच्या दिवशी बटण दाबताच जांभळीची पाने थरथरली, खारी ढोलीत पळाल्या आणि ससे कान दाबून बसले. "याला म्हणतात दणका," वानर म्हणाले. सशांनी कानांवरचे पंजे काढून टाळ्या वाजवल्या. दुखते आहे, म्हणजे चांगलेच असणार, अशी त्यांची समजूत.

माळावरून टिटवीने विचारले, "हे कोण ओरडतंय?"

"तूच की."

"मी अशी ओरडत नाही. माझ्या हाकेला वर टोक आहे. ते कुणी तासलं? पत्र्यावर दगड घासावा तसं वाटतंय."

"टिटवीताई, स्वतःचा आवाज कुणालाच नीट कळत नाही," कोल्हा म्हणाला. "मलासुद्धा माझा मंजुळच वाटतो, पण लोक काहीतरी वेगळं सांगतात." सगळे हसले. "तुझ्या समाधानासाठी थोडा कमी करतो, बस?"

त्याने आवाजाचे बटण खाली फिरवले. आवाज लहान झाला, खरखर होती तशीच राहिली.

"कमी झाला, नीट नाही झाला," टिटवी म्हणाली.

"तो रेकॉर्डिंगमध्येच छाटला गेलाय," साळिंदर पुटपुटले. "मुंडण केल्यावर कंगवा बदलून काय उपयोग? हाक नव्याने घ्यावी लागेल."

"मग घ्या. आत्ता देते."

"पौर्णिमेला सत्कार आहे, ताई," कोल्हा म्हणाला. "तो एकदा पार पडू दे." आणि त्याने बटण पुन्हा होते तिथे नेले.

सत्कार कुणाचा? कोल्ह्याचाच. कशाबद्दल? स्पीकर बसवल्याबद्दल. पौर्णिमेपर्यंत जंगलात इशारा म्हणून तीच खरखर वाजत राहिली. त्याच दिवसांत हरिणीला पाडस झाले. खरखर झाली की आईच्या पोटाला चिकटून पळायचे, एवढे ते शिकले. टिटवीची खरी हाक त्याने कधी ऐकलीच नव्हती.

सत्काराच्या दिवशी सकाळपासून स्पीकरवर अध्यक्षांचे स्तुतिगीत सुरू झाले. तेही अध्यक्षांच्या हुकमावरून साळिंदराने तसेच फुगवलेले, शेंडे उडवलेले. आवाजाचे बटण शेवटच्या टोकाला. ऊन चढले, गाणे फाटू लागले, जांभळीखाली करपल्याचा वास सुटला. मग एक तडतड झाली आणि शांतता पसरली.

साळिंदराने स्पीकरला नाक लावले. "तार जळली."

"हळू बोल, पाहुणे आहेत," कोल्हा म्हणाला. "उद्या बघू."

"संध्याकाळी हरणांचा कळप पाण्यावर येईल, साहेब."

"बिबट्या काय रोज येतो?"

साळिंदराने पुन्हा मान डोलावली. वानर फांदीवरून सारे ऐकत होते. अस्वलही तिथेच मोहाची फुले चघळत होते. कुणीही उठून कळपाकडे गेले नाही.

संध्याकाळी बिबट्या आला. शेंड्यावर बसलेल्या वानराला गवतातली ठिपक्यांची पाठ दिसली, आणि स्पीकर जळाला आहे हे ठाऊक असूनही त्याचा हात बटणावर गेला. दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. त्याला चांगला खणखणीत गळा होता, पण इशारा द्यायचा म्हणजे बटण दाबायचे, याची त्याला इतकी सवय झाली होती की ते दाबतच राहिले.

माळावरून टिटवीने वाकलेले गवत पाहिले. जांभळीकडे कान लावला. हाक नाही. तिने अंडी सोडली, झेपावली आणि पाण्यावर घिरट्या घेत स्वतःच्या गळ्याने ओरडली. हरिणीने ती हाक तत्क्षणी ओळखली आणि काठावरून उलटी उडी घेतली. सारा कळप उधळला. पाडस तेवढे जागीच राहिले. त्याने मान वर केली आणि हे ओरडणारे पाखरू कोण म्हणून कुतूहलाने पाहत राहिले. बिबट्याला तेवढे पुरले.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. चौकशी करणारी समिती तीच, अध्यक्ष तोच.

"स्पीकर कच्चा निघाला," कोल्हा म्हणाला. "यंत्राचा काय भरवसा?"

"मी आधीच सांगितलं होतं," साळिंदर म्हणाले.

"कुणाला?" टिटवीने विचारले. "ज्याला ऐकायचंच नव्हतं त्याला. आणि हाक फुगवली कुणी? तुझ्याच हातांनी ना? काय होणार ते माहीत नसलेल्याने केलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. तुला काय म्हणू?"

साळिंदराने काटे मिटून घेतले.

"मी तर बटण दाबलं होतं," वानर म्हणाले.

समितीने ठराव केला : दोष स्पीकरचा, त्याहून मोठा आणावा. अस्वलाने मोठा आणला. टिटवी नवी हाक द्यायला तयार होती, पण तिला कुणी बोलावले नाही. नव्या स्पीकरमध्ये तीच छाटलेली हाक भरली गेली. ससे पुन्हा टाळ्या वाजवायला जमले.

तेव्हा हरिणी पुढे आली. ती रडली नाही. म्हणाली, "स्पीकर भर दुपारी बंद पडला. आम्ही पाण्यावर उतरलो सूर्य डोंगराला टेकताना. मधे एवढा वेळ होता. 'आज हाक येणार नाही, जपून या,' एवढं सांगायला एक जीभ पुरली असती. ती तुमच्यापैकी कुणाची का हलली नाही?"

अध्यक्षांनी सभा संपल्याचे जाहीर केले.

तात्पर्य : मापाबाहेर फुगवलेला आवाज आधी स्वतःचे टोक गमावतो आणि मग ज्या यंत्रातून निघतो ते जाळतो, पण यंत्र जळाल्याचे माहीत असून जे गप्प बसतात, त्यांचा गुन्हा यंत्राच्या माथी मारता येत नाही. हरिणीला उत्तर अजून मिळालेले नाही.