ढोलीतला कापूस

नदीपल्याडच्या राईतून एक शिंपी पक्षी फार पूर्वी उडून आला आणि इकडच्या जांभळीवर राहिला. सावरीचा कापूस वेचायचा, पानाला पान शिवून पाखरांना घरटी करून द्यायची आणि बदल्यात दाणे घ्यायचे, असा त्याचा धंदा होता.

एका उन्हाळ्यात कापूस कमी पडला. पंख मोडलेल्या होल्याला घरटंच मिळेना. तेव्हा बुलबुलाने सगळ्यांना गोळा केलं. "यापुढे सगळा कापूस एका ढोलीत टाकू," तो म्हणाला. "कापूस आपला आहे."

म्हातारा शिंपी दमल्या आवाजात म्हणाला, "बाबा रे, नदीपल्याडही हाच 'आपला' शब्द होता. वेचायला जायचं म्हटलं की कापूस दुसऱ्याचा, घ्यायचा म्हटलं की आपला. ढोली रिकामी व्हायला लागली, म्हणून राखणीला कावळा बसवला. पुढे मीच वेचलेल्या कापसासाठी मला त्याच्यापुढे तोंड वेंगाडावं लागायचं."

"मग होल्याचं काय?" बुलबुलाने विचारलं. प्रश्न काही खोटा नव्हता.

"होल्याचं मी शिवतो. दाणे नकोत. पण मला पुन्हा ढोलीपुढे उभं करू नका."

तिन्हीसांजेपर्यंत त्याने होल्याचं घरटं शिवून दिलं. पाखरांनी त्याचं कौतुक केलं आणि ढोली साफ करायला घेतली.

सकाळी ढोलीत कापसाचं बोंडसुद्धा नव्हतं. तरी तिच्या तोंडाशी एक कावळा येऊन बसला होता. "राखणदार नेमलात की नाही अजून?" तो गोड आवाजात विचारत होता.

शिंप्याने हळूच पंख उघडून पाहिले, आणखी एखादी नदी ओलांडता येईल का.